मोहोराच्या हंगामात ड्रोन कलमांच्या माथ्यावरूनच उडवा

थंडी पडू लागली की रत्नागिरीच्या हापूस बागांत मोहोर येऊ लागतो, पण तो सगळीकडे सारखा येत नाही. काही कलमे आधी मोहोरतात, काही पालवीवरच राहतात आणि कधी एकाच झाडाची एक बाजू मोहोरलेली तर दुसरी कोवळी असते. फवारणी कोणत्या कलमाला कधी करायची, हे या फरकावर ठरते. उंच, जुन्या कलमांचा शेंडा बुंध्याशी उभे राहून दिसत नाही, म्हणून कॅमेऱ्याचा छोटा ड्रोन बागायतदाराच्या खरोखर कामाचा आहे. मात्र तो झाडांच्या वरून उडवावा, फांद्यांमध्ये कधीही शिरवू नये.

नव्या ड्रोनला अडथळे ओळखणारे सेन्सर असतात, मग भीती कशाची, असे विचारले जाते. हे सेन्सर बहुधा छोटे कॅमेरेच असतात. भिंत किंवा जाड खोड त्यांना दिसते; पानगळ झालेली बारीक डहाळी, विजेची तार किंवा पंपाकडे गेलेली केबल अनेकदा दिसत नाही. समोरून ऊन आले किंवा झाडाखाली अंधारले की त्यांची नजर आणखी कमी होते, आणि बऱ्याच स्वस्त ड्रोनना बाजूचे सेन्सरच नसतात. दाट पानोळ्याखाली उपग्रहांचा संकेतही क्षीण होतो, त्यामुळे ड्रोन एका जागी स्थिर न राहता सरकू लागतो. सेन्सरला शेवटचा आधार मानावे, त्याच्या भरवशावर वाट आखू नये.

कोकणातल्या डोंगरउतारावर दुसरा धोका उंचीच्या आकड्यात आहे. पडद्यावर दिसणारी उंची बहुतेक वेळा उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते, ड्रोनखालच्या जमिनीपासून नव्हे. पायथ्याहून 40 मीटर उंची धरून वर निघालात, जमीन 25 मीटर चढली आणि तिथले कलम 12 मीटरचे असले, तर शेंड्यापासून अंतर उरते अवघे 3 मीटर. म्हणून उड्डाण बागेच्या वरच्या टोकाकडून, मोकळ्या कातळावरून करावे. पत्र्याच्या छपरावरून किंवा गाडीच्या टपावरून करू नये, कारण लोखंडामुळे होकायंत्र बिघडते. संपर्क तुटल्यावर ड्रोन आपोआप ठरलेल्या उंचीवर जाऊन सरळ रेषेत परततो. ती उंची वाटेतील सर्वांत उंच माड, खांब आणि तारांपेक्षा बरीच जास्त ठेवावी आणि प्रत्येक बागेत नव्याने तपासावी.

तुडतुडे आणि भुरी जवळून पाहिल्याशिवाय कळत नाहीत, मग वरून उडवून काय मिळणार, हा आक्षेप रास्त आहे. पण जवळ नेलेल्या ड्रोनच्या पंख्यांचा वारा डहाळी हलवतो, चित्र धूसर येते आणि नेमकी कीड दिसतच नाही. ते काम माणसाच्या डोळ्यांचे आहे. वरच्या चित्रातून मागे पडलेली किंवा काळवंडलेली कलमे हेरून नोंदवावीत आणि त्यांच्यापाशी पायी जाऊन मोहोर हाताने झटकून पाहावा. साऱ्या बागेची पायपीट वाचते, आणि तपासणीही पक्की होते.

वेळ सकाळची निवडावी. दव ओसरल्यावर आणि दुपारचे खारे वारे वाढण्याआधी हवा शांत असते. घारी घिरट्या घालत असतील तर थांबावे. ड्रोन झाडात अडकलाच तर आधी मोटारी बंद कराव्यात, लांब बांबूने तो सोडवावा. तारेवर अडकल्यास हात न लावता वीज कंपनीला कळवावे. ड्रोन नियम 2021 नुसार पूर्वपरवानगी न लागणाऱ्या हरित क्षेत्रातही साधारण मर्यादा जमिनीपासून 120 मीटरची आहे, आणि रत्नागिरीला मिरजोळ्याजवळ तटरक्षक दलाचा विमानतळ असल्याने ड्रोनसाठीची क्षेत्रे दाखवणारा सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशा पाहिल्याशिवाय आजूबाजूच्या बागांत उड्डाण करू नये. ही तयारी काही मिनिटांची आहे. ती टाळल्यास फुटणारा ड्रोन महाग पडतो, आणि खाली काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर तो पडला तर त्याची भरपाई कोणत्याही पिकाने होत नाही.