तागा उलगडून घ्या, मोटार घाट चढवून घ्या

कापडाच्या धंद्यात घडीचा वरचा पदर पाहून कोणी माल उचलत नाही. तागा उलगडतात, दिवसाच्या उजेडात धरतात, पन्हा मोजतात, कोपरा ओला करून रंग सुटतो का ते पाहतात. पाचशे रुपयांच्या साडीसाठी एवढी पारख करणारा आपला व्यापारी बांधव लाखो रुपयांची मोटार मात्र तिची चकाकी आणि विकणाऱ्याचे गोड बोलणे यांवर भरोसा ठेवून घरी आणतो. म्हणून या वेळी मोटारीच्या पारखीविषयी थोडे.

हा विषय निघण्याचे कारण असे की, दहा वर्षे जुनी मर्सिडीज सी-क्लास किंवा बीएमडब्ल्यू थ्री सिरीज आज नव्या डिझायर-अमेझच्या आसपासच्या किमतीत मिळू शकते. लहान गावातील व्यापाऱ्याला हा सौदा स्वस्त वाटतो. तो खरोखर स्वस्त आहे की नाही, हे मात्र विक्रेत्याच्या अंगणात कळत नाही.

मागच्या चाकांची ताकद

या दोन प्रकारच्या गाड्यांत मोठा फरक असतो. डिझायर, अमेझ यांचे इंजिन पुढची चाके फिरवते. बीएमडब्ल्यू थ्री सिरीज आणि सी-क्लास यांच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या इंजिनाची ताकद लांब दांड्याने मागच्या चाकांना जाते. आपल्याकडे ही रचना नवी नाही. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी, उत्तरपाड्याची अँबेसडर आणि काँटेसा, या सर्व मागच्या चाकांवर चालणाऱ्याच गाड्या होत्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांची रचना घरोघरी पोहोचली. त्या रचनेत लांब दांडा लागत नाही, वजन आणि खर्च वाचतो, आत जागा मिळते. अँबेसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये गेली. आता डिकीच्या गाड्यांत ही जुनी रचना मुख्यतः महागड्या गाड्यांतच उरली आहे.

तिचा फायदा चढावर आणि वजन भरल्यावर दिसतो. चढावर गाडीचा भार मागे सरकतो. डिकीत माल असेल तर तो आणखी मागे जातो. ज्या चाकांवर भार, त्यांचीच पकड घट्ट. म्हणून भरलेली गाडी चढावर मागच्या चाकांनी चांगली ढकलली जाते, तर पुढच्या चाकांची गाडी ओल्या चढावर कधी कधी चाक जागीच फिरवते. उलट, रिकामी गाडी ओल्या वळणावर जोरात दामटली तर मागची बाजू घसरण्याचा धोका मागच्या चाकांच्या गाडीत अधिक असतो. नव्या गाड्यांतील घसरण रोखणारी यंत्रणा हा धोका बराच कमी करते, पण घासलेल्या टायरपुढे तीही हतबल होते.

चाचणी कशी घ्यावी

पातूरकरांना चाचणीसाठी दूर जाण्याची गरज नाही. गावातील अरुंद बाजार, अकोल्याकडे जाणारा सरळ महामार्ग आणि वाशीमच्या बाजूला लागणारा पातूरचा घाट, असे तिन्ही प्रकार हाताशी आहेत. ज्या दोन-तीन गाड्या मनात असतील त्या शक्यतो एकाच दिवशी, याच रस्त्याने, सारखेच वजन घेऊन चालवाव्यात. चार माणसे बसवावीत आणि डिकीत साठ-सत्तर किलोचे कापडाचे गठ्ठे ठेवावेत. इंधनाचे पैसे आपण द्यावेत. एवढे करूनही विक्रेता घाटापर्यंत येण्यास तयार नसेल, तर त्याचा नकार हेच उत्तर समजावे. निघण्यापूर्वी गाडीचा विमा चालू आहे का ते पाहावे. चालकाजवळ परवाना असावा.

पुढील गोष्टी वहीत टिपून घ्याव्यात.

१) सकाळी थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करावे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन पुष्कळ ऐब झाकते.

२) बाजारात गतिरोधकावरून भरलेली गाडी सावकाश न्यावी. पोट घासते का ते पाहावे. मागच्या सीटवर मधल्या माणसाचे पाय कुठे राहतात तेही पाहावे, कारण दांड्यासाठी तेथे उंचवटा असतो.

३) महामार्गावर ताशी ५० ते ८० च्या दरम्यान वेग देऊन पाय सोडावा. मागून गुरगुर किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर मागच्या धुऱ्यातील दातेरी चाके झिजल्याची शंका घ्यावी.

४) उभ्या गाडीत, ब्रेक दाबून, गिअर पुढे-मागे करावा. खाली ‘ठक्’ असा आवाज आला तर दांड्याचा सांधा किंवा त्याची बेअरिंग तपासून घ्यावी.

५) घाट चढताना आणि उतरताना दोन्हीकडे लक्ष द्यावे. उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी स्वतःला आवरते का, ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते का, हे पाहावे. वळणावर मुद्दाम गाडी घसरवून पाहण्याचा प्रकार कोणीही करू नये.

६) शेवटी टायर पाहावेत. काही गाड्यांत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, ते अदलाबदल करता येत नाहीत. अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांत स्टेपनीच नसते. हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर असतात, पण ते महाग असून प्रत्येक गावात मिळत नाहीत. ज्या गाडीत स्टेपनी डिकीतच ठेवलेली असते, तिथे मालाला जागा किती उरते तेही मोजावे.

कागद आणि हिशोब

जुन्या गाडीचे नोंदणीपुस्तक, कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. दिल्लीच्या जुन्या डिझेल गाड्यांबाबत विशेष सावध राहावे. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना तेथे मनाई केली. त्यामुळे अशा गाड्या स्वस्तात बाहेर येऊ लागल्या. त्या घेताना ना-हरकत दाखला, महाराष्ट्राचा कर आणि अकोल्याची एमएच-३० नोंदणी, हा सर्व खर्च किमतीत मिळवावा.

२०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या, ही गोष्ट तेव्हा देशभर गाजली. एकजुटीने भाव कसा करावा याचा तो चांगला धडा आहे. पण त्या गाड्या नव्या होत्या आणि घेणाऱ्यांच्या पाठीशी मोठ्या शहराची सोय होती. आपल्याकडे अशा गाडीचा एखादा भाग बिघडला तर ती दुसऱ्या वाहनावर लादून मोठ्या शहरात न्यावी लागते. नागपूर येथून अडीचशे किलोमीटरहून दूर आहे.

म्हणून वहीत प्रत्येक गाडीसाठी तीन रकाने करावेत. पहिल्यात किंमत. दुसऱ्यात नोंदणी, विमा, चार टायर आणि एक पूर्ण सर्व्हिसिंग. तिसऱ्यात अचानक येणाऱ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची रक्कम. ही तिसरी रक्कम ईदच्या किंवा दिवाळीच्या मालाच्या भांडवलातून काढावी लागणार असेल, तर ती गाडी कितीही चांगली चालो, ती आपल्यासाठी नाही. हंगामात दुकानातला माल कमी पडला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते आणि ते परत येईलच असे नाही.

पातूर-अकोला ये-जा आणि महिन्यातून एखादा घाट, एवढेच काम असणाऱ्याला पुढच्या चाकांची नवी साधी गाडी पुरेशी आहे. ज्याला भरलेली गाडी घेऊन वारंवार घाट ओलांडायचा आहे आणि ज्याचे तिन्ही रकाने भांडवलाला हात न लावता भरतात, त्याने मागच्या चाकांची गाडी जरूर पाहावी. मात्र दोघांनीही बयाणा देण्यापूर्वी गाडी आपल्या रस्त्यावर, आपल्या वजनासह, स्वतः चालवून पाहावी.