गाडीत पिस्तूल असताना

अगं, ग्रीन कार्ड आलं, पिस्तूल घेतलंस, लायसन्स काढलंस, नेमबाजीही शिकलीस. रात्रपाळी संपवून ह्यूस्टनच्या सुनसान रस्त्यांनी एकटी येतेस, त्यामुळे घ्यायला नको होतंस असं मी म्हणणार नाही. पण मागे लाल-निळे दिवे लागले की काय करायचं, तेवढं माझ्याकडून ऐकून ठेव.

आपली जुनी सवय आधी मोड. पुण्यात हवालदाराने अडवलं की आपण उतरून, कागद काढून 'साहेब, साहेब' करत त्याच्याकडे धावतो. इथे उतरायचं नाही. काच खाली, आतला दिवा चालू, दोन्ही हात स्टेअरिंगवर. पोलीस उतर म्हणाला तर मात्र वाद न घालता उतर. १९७७ च्या मिम्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने पोलिसांना तो अधिकार दिलाय. त्या प्रकरणातही माणूस उतरला, जॅकेटखाली फुगवटा दिसला आणि पिस्तूलच निघालं.

आणि रजिस्ट्रेशनचे कागद नि पिस्तूल एकाच कप्प्यात ठेवू नकोस. कागदासाठी कप्पा उघडलास की पोलिसाला कागद दिसणारच नाहीत.

फिलँडो कॅस्टिल आठवतो ना? जुलै २०१६, मिनेसोटातलं फाल्कन हाइट्स. शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करणारा कृष्णवर्णीय माणूस, पिस्तुलाचा परवाना असलेला. त्याने इन्शुरन्सचं कार्ड दिलं आणि माझ्याजवळ पिस्तूल आहे हे आपणहून, सभ्यपणे सांगितलं. ते काढू नको, असं पोलीस ओरडला. मी काढत नाहीये, हा म्हणाला. काही सेकंदांत सात गोळ्या. मागच्या सीटवर चार वर्षांची पोर होती. पोलीस पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. तेव्हा मी सांगतेय ते पाळलंस की काही होणार नाही, असं वचन मी देत नाही. आपणही काही गोऱ्या नाही.

म्हणून 'गन' शब्दाने सुरुवात करूच नकोस. पोलिसाने ओळखपत्र मागितलं की, हात न हलवता, "ऑफिसर, आय हॅव अ लायसन्स टू कॅरी, हाऊ वुड यू लाइक मी टू प्रोसीड?" एवढंच म्हण. पिस्तूल जवळ असताना ओळखपत्र मागितलं, तर टेक्सासमध्ये तो परवानाही दाखवायचा असतो. आमच्या मिशिगनमध्ये विचारायची वाट न बघता लगेच सांगावं लागतं, पेनसिल्व्हेनियात आपणहून सांगायची सक्ती नाही. राज्य बदललं की नियम बदलतो, निघण्याआधी बघत जा. खोटं मात्र कुठेच बोलू नकोस. पिस्तूल थोडा वेळ ताब्यात घेतलं तर घेऊ दे, जाताना परत देतो.

झडतीचं वेगळं. तू धोकादायक आहेस असा सकारण संशय असेल तर तो तुला वरून चाचपू शकतो, हात पोचेल तिथे हत्यार शोधू शकतो. डिकी उघडायला मात्र ठोस कारण लागतं, नाहीतर तुझी संमती. गंमत अशी, की नाही म्हणायचा तुला हक्क आहे हे त्याने सांगायलाच हवं असं नाही. १९७३ पासून हेच चालत आलंय. तो सहज विचारेल, बघितलं तर चालेल ना? आणि आपण भिडेखातर मान डोलावतो! ती डोलणारी मान म्हणजे संमती धरली जाते. मान स्थिर ठेव आणि तोंडाने सांग, "आय डोन्ट कन्सेंट टू अ सर्च." तरीही त्याने उघडलीच, तर आडवी येऊ नकोस, ते वकील बघेल. तिकिटाचं काम आटोपल्यावर कारणाशिवाय झडतीच्या कुत्र्यासाठी थांबवून ठेवता येत नाही, हेही कोर्टाने २०१५ मध्ये सांगितलंय. "अॅम आय फ्री टू गो?" असं विचारायला लाजू नकोस.

आता आपला बंड्या. तो एच-वन-बीवर आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर त्या व्हिसावर पिस्तूल बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. नुसतं जवळ असलं तरी. "जरा धर रे" म्हणालीस म्हणून त्याने मांडीवर घेतलं नि तेवढ्यात दिवे लागले, तर त्याचा व्हिसा, नोकरी, सगळंच गेलं. तो बरोबर असेल त्या दिवशी पिस्तूल घरीच, तिजोरीत. आणि तिजोरीचा नंबर त्याला सांगू नकोस.