रिसेप्शन आणि मुहूर्त यांच्या मधली रात्र

बंगळूरकडच्या लग्नात रिसेप्शन आदल्या संध्याकाळी आणि मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळी. पुण्याहून गेलेल्या आम्हा फोटोग्राफरांची पंचाईत होते ती मधल्या चार-पाच तासांत. स्टेजवरची रांग संपेपर्यंत फ्लॅशच्या बॅटऱ्या आणि आम्ही, दोन्ही रिकामे. मग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर सगळे चार्जर लटकवायचे, बोर्ड गादीशेजारी सारायचा आणि आडवं व्हायचं.

देवनहळ्ळीजवळच्या एका रिसॉर्टवर आमच्यातल्या एका मुलानं स्वस्तातली, नाव-गाव नसलेली बॅटरी अशीच लावली होती. मला जाग आली ती वासानं. नेलपॉलिशसारखा गोडसर, उग्र. चार्जरचा दिवा निवांत हिरवा होता, पण बॅटरीचं प्लास्टिक सांध्यावर उकललं होतं आणि ती फुगून खाचेत घट्ट बसली होती. भिंतीवरचं बटण बंद केलं, चहाच्या स्टीलच्या ट्रेवर चार्जरसकट सरकवून बाल्कनीच्या फरशीवर ठेवली. पेटली नाही, हे नशीब. धूर निघत असता तर हातही लावू नये. माणसं उठवून बाहेर पडावं.

लिथियम-आयनचा प्रत्येक सेल साधारण ४.२ व्होल्टला भरतो. चांगला चार्जर तिथे थांबतो, भुरटा थांबेलच असं नाही. म्हणून चार्जर बॅटरीच्याच कंपनीचा घ्यावा. फ्लॅशमधून गरमागरम काढलेली बॅटरी आधी निवू द्यावी आणि चार्जिंग फरशीवर, कुणीतरी जागं असतानाच करावं. झोपेत चार्जिंग करण्यापेक्षा दोन जास्तीच्या बॅटऱ्या विकत घेणं परवडतं. रिचार्जेबल पेन्सिल सेलवाल्यांनी चारचा संच कायम एकत्र वापरावा आणि प्रत्येक सेल वेगळा तपासणारा चार्जर घ्यावा. जोडीनं भरणाऱ्या चार्जरमध्ये एक सेल आधी भरला तरी दुसऱ्यासाठी तो तापतच राहतो.

परतीच्या वाटेवर देवनहळ्ळीचा विमानतळ. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकायच्या नाहीत, हातातल्या बॅगेतच ठेवायच्या. नाहीतर एक्स-रेत बॅग अडकते आणि तुम्हाला बोलावून उघडायला लावतात. वैताग येतो, पण नियम रास्त आहे. केबिनमध्ये धूर दिसतो, कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात. खालच्या कप्प्यातला अग्निशामक वायू ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आत सुरू झालेली उष्णतेची साखळी थांबवू शकत नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ यूपीएसच्या मालवाहू विमानात लिथियम बॅटऱ्यांचा साठा असलेल्या मालाला आग लागली आणि दोन्ही वैमानिक दगावले.

विमानात बॅटरी चालेल की नाही हे वॉट-तासांवर ठरतं. हिशोब सोपा आहे : व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. गोडॉक्स एडी २०० फ्लॅशची बॅटरी १४.४ व्होल्ट, २.९ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे ४२ वॉट-तास. एडी ६०० प्रोची सुमारे ७५. शंभरपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची आधी संमती हवी आणि अशा सुट्या दोनच. त्यापुढची प्रवाशाला नेताच येत नाही. छापील आकडा पुसट झालेली बॅटरी मी घरीच ठेवतो, तपासणीवाल्याशी कोण हुज्जत घालणार?

प्रत्येक बॅटरीला टोपण किंवा टोकांवर चिकटपट्टी हवी. पेन्सिल सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवावेत; किल्ल्या आणि सुट्ट्या नाण्यांच्या खिशात ते शॉर्ट होतात. फुगलेली बॅटरी मात्र ना हातात, ना सामानात. ती पुन्हा चार्जिंगला न लावता, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून, तिथल्याच ई-कचरा केंद्रात द्यायची. कचऱ्याच्या बादलीत मुळीच टाकायची नाही, कारण पुढे ती कचरागाडीत चेपली जाते.