दंड कोणाला, दया कोणाला?

गावात चोरी झाली की आपण म्हणतो, ‘चोराचे हात तोडले पाहिजेत!’ आणि धरलेला चोर आपल्याच भाऊबंदांतला निघाला, की लगेच म्हणतो, ‘जाऊ द्या हो, पोरगं आहे, चुकलं.’ वाचकहो, आधी आपण रागाने बोललो, मग मोहाने. न्याय दोन्ही वेळा बाजूलाच राहिला. मग दंड व दया यांचा मेळ घालावा कसा? दोन उदाहरणे पाहू.

१७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांस दोषी ठरवून देहांत प्रायश्चित्त सांगितले व पद सोडून ते पुण्याबाहेर पडले, हे सर्वश्रुत आहे. सत्तावानाशी कायदा मऊ झाला, की त्याचा धाक फक्त गरिबाला उरतो. येथे कठोरपणा हाच धर्म होता.

दुसरे उदाहरण औंध संस्थानातले. १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने, मूळच्या पोलंडच्या मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. तुरुंग खरा, पण भिंतीवाचून! निवडक कैद्यांनी तेथे बायकामुलांसह राहावे, शेती करावी. १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट यावरूनच सुचला.

आता कोणी म्हणेल, ‘अहो, मग शिक्षा कसली?’ पण शिक्षा माफ झालेली नव्हती. मुदत भरायचीच होती, हद्द पाळायचीच होती. अपराध पोटात घातला नाही आणि माणूसही टाकून दिला नाही. १९८० साली बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले, की शिक्षा ठरवताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराकडेही पाहावे, आणि फाशी अत्यंत दुर्मीळ प्रसंगीच द्यावी.

हे झाले राजाचे व न्यायालयाचे. आपले काय? ज्याचे घर लुटले गेले, त्याच्या दारी आपण चार दिवसांनंतर फिरकतो का? आणि शिक्षा भोगून परतलेल्याला शेतावर काम देतो का? न्यायाधीश शिक्षेची मुदत ठरवून देतो. आपण मात्र त्याच्या पोरांनासुद्धा ‘चोराची पोरं’ म्हणून ती पुढे चालवतो. तो अधिकार आपल्याला कोणी दिला, याचा विचार आपण सर्वांनीच करावा.