शब्द घरातच आहेत

पालकसभेला आलेली माय हमखास म्हणते, "गुरुजी, पोट्ट्याले इंग्रजी काहीच येत नाई जी." आणि तेच पोट्टं सकाळी वर्गात येऊन सांगतं, "लाईन गेली, मोटर बंद, स्टार्टर ट्रिप." एका दमात चार इंग्रजी शब्द, तेही जागच्या जागी!

मायबापहो, तुमची धास्ती मला कळते. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी शिकलेल्यांची एबीसीडीशी गाठ पाचवीत पडली, तीही स्पेलिंग-अर्थाच्या वहीतून. म्हणून आपण पोरांनाही तेच विचारत बसतो: स्पेलिंग सांग, अर्थ सांग. ओपन म्हणजे उघडणे, हे तो घडाघडा म्हणतो. दार उघडायला सांगायची वेळ आली की गप्प. "ओपन द डोअर" हे त्यानं रोज दाराशी उभं राहून म्हटलं असतं, तर अर्थ वेगळा पाठ करावाच लागला नसता.

माझं ऐकाल तर मोठमोठ्या शब्दांच्या मागे लागू नका. पोरांना खरं छळतात ते इन, ऑन, अंडर हे चिल्लर शब्द. मराठीत डब्यात, खाटेवर, खाटेखाली असं शेपूट मागे लागतं; इंग्रजीत ते आधी येतं, इन द बॉक्स, अंडर द कॉट. हे फळ्यावर समजावलं की पोरगं जांभया देतं. त्यापेक्षा चप्पल खाटेखाली लपवा आणि ती कुठे आहे ते त्यालाच इंग्रजीत सांगू द्या. अ आणि द कुठे लावायचे याची घाई पहिली-दुसरीत नको. तिथं भल्याभल्यांचं चुकतं.

वऱ्हाडात मुरल्यावर काही इंग्रजी शब्दांचे अर्थही बदलले आहेत. आपली लाईन म्हणजे वीज. पुस्तकातली लाईन म्हणजे रेघ नाहीतर रांग. अकोल्याच्या हॉटेलात आपण आलूबोंडा खातो. इंग्रजीतल्या हॉटेलात माणूस मुक्कामाला उतरतो. आपल्याकडे कॉपी परीक्षेत पकडतात. इंग्रजीत पुस्तकाच्या प्रतीलाही कॉपीच म्हणतात. अशा वेळी पोराला चुकीचं ठरवू नका. घरचा अर्थ हा, पुस्तकातला हा, एवढं सांगितलं तरी पुरे. आणि कापूस घेऊन जिनात जाल तेव्हा त्याला सोबत न्या. जिन हा इंजिन शब्दाचाच तोडलेला तुकडा, हे तिथंच सांगा. इंजिन त्याला ठाऊक असतंच.

काही शब्द मात्र खेळातले नाहीत. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. खालच्या अर्ध्यात रंग, वरच्या अर्ध्यात इशारा. लाल आणि पिवळ्या रंगावर पॉयझन, निळ्यावर डेंजर, हिरव्यावर कॉशन. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा. हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. डबा पोराच्या हाती द्यायचाच नाही, तो कुलपात हवा. पण कागदावर तसे चौकोन काढा, त्याच्याकडून रंग भरून घ्या आणि हे तीन शब्द वाचायला शिकवा. पॉयझन म्हणजे विष, डेंजर म्हणजे धोका, कॉशन म्हणजे जपून. हिरवा दिसला म्हणून हातमोजे आणि मास्क काढायचे नाहीत, हेही त्याच बैठकीत सांगा. मग बाबा पंप भरायला निघाले की पोरगं लांबूनच विचारेल, "बाबा, डब्यावर काय लिवलं हाय?"