आजोबांच्या ॲम्बॅसेडरचे इंजिन

माझे आजोळ तंजावरचे. व्यंकोजीराजांनी तिथे मराठी राज्य स्थापन केल्यानंतर जी घरे तिकडे स्थायिक झाली, त्यांपैकी ते एक. घरात जुन्या वळणाची मराठी, दाराबाहेर तमिळ. आजोबांकडे 1970 ची ॲम्बॅसेडर मार्क 2 आहे. मागच्या मे महिन्यात सुट्टीला गेलो, तर ती शेडमध्ये बंद पडलेली. पाणी सारखे कमी होत होते आणि इंजिनचे तेल दुधाळ झाले होते. मेकॅनिक अण्णांनी हेड उतरवले. ब्लॉकला सिलिंडरपासून पाण्याच्या वाटेपर्यंत तडा गेला होता. आजोबा म्हणाले, "साठ हजारांत होत असेल तर करा, नाहीतर भंगारात द्या." हे बोलताना ते गाडीकडे पाहत नव्हते.

मामांनी घाईने एका विक्रेत्याला 5 हजार रुपये आगाऊ दिले होते. इंजिन होते नंतरच्या ॲम्बॅसेडरमधले 1817 सीसीचे इसुझू, सोबत पाच गिअरचा गिअरबॉक्स. ताकद जास्त, म्हणून मामा खूश.

शाळेत आम्हाला युद्धतत्त्वांतले पहिले तत्त्व शिकवतात: उद्दिष्ट ठरवा आणि ते सोडू नका. मी आजोबांना विचारले, "गाडी कशासाठी हवी?" ते म्हणाले, "देवळात, बाजारात आणि कधीतरी कुंभकोणमला." म्हणजे फार तर 40 किलोमीटरचा सपाट रस्ता. त्याला जास्त ताकद लागतच नव्हती.

मग वहीत तीन पर्याय मांडले.

1. इसुझू पेट्रोल: इंजिन व गिअरबॉक्स मिळून 55 हजार. शिवाय इंजिन बसवण्याचे माउंटिंग नवे, प्रोपेलर शाफ्टची लांबी पुन्हा जुळवायची, मजुरी वेगळी. बजेट कोलमडले.

2. जुने 1489 सीसी डिझेल: इंधन स्वस्त, पण ताकद कमी आणि थरथर जास्त. इंधनाचा प्रकार बदलल्याने कागदपत्रांचे काम वाढते.

3. मूळ जातीचेच 1489 सीसी पेट्रोल: त्याच माउंटिंगवर बसते, जुना गिअरबॉक्स चालतो.

कागदपत्रांचा मुद्दा अनेकजण विसरतात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. आरसी बुकात इंजिन क्रमांक असतो. म्हणून त्याच जातीचे इंजिन घेतले तरी आधी आरटीओची परवानगी आणि नंतर नव्या क्रमांकाची नोंद हवी. विमा कंपनीलाही कळवावे. इंजिनचे बिल नसेल तर ते चोरीचेही असू शकते.

तिसरा पर्याय ठरला. मामांचे 5 हजार परत मिळाले नाहीत. तो आमच्या घाईचा दंड.

त्रिचीच्या भंगार बाजारात दोन इंजिने मिळाली. एकाला चकचकीत रंग, दुसरे काळेकुट्ट. अण्णांनी दोन्हींची कॉम्प्रेशन टेस्ट केली. सगळे प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, प्लगच्या भोकात गेज लावायचा आणि स्टार्टरने इंजिन फिरवायचे. रंगवलेल्या इंजिनात तिसऱ्या सिलिंडरचा आकडा 85 आला, बाकीचे 120 च्या आसपास. त्यात चमचाभर तेल सोडल्यावर आकडा 110 वर गेला. तेलाने आकडा वाढला तर पिस्टन रिंग झिजलेल्या असतात. वाढला नाही तर व्हॉल्व्हकडे पाहावे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. काळ्या इंजिनचे आकडे आले 120, 115, 120, 115. आम्ही तेच घेतले, बिलासह.

इंजिन 22 हजार, सील, क्लच प्लेट, होज पाइप आणि मजुरी 16 हजार, रेडिएटरची सफाई व ब्रेक 9 हजार. बुडालेले 5 हजार धरून एकूण 52 हजार. आता साध्या पाण्याऐवजी कूलंट घालतो.

आरटीओची नोंद झाल्यावर आजोबा स्वतः गाडी चालवत कुंभकोणमला गेले. मी शेजारी बसलो होतो. वाटेत दोनदा थांबून गळती आहे का ते पाहिले, नव्हती.

मित्रांनो, जुन्या गाडीचे इंजिन निवडताना क्रम असा ठेवा: आधी उद्दिष्ट, मग कागदपत्रे, मग मोजमाप आणि शेवटी पैसे. आम्ही सुरुवात पैशांपासून केली, म्हणून 5 हजार गमावले.