कीबोर्डच्या बटणांखालचा मळ

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एकच लॅपटॉप आहे, तोही कुणीतरी वापरून दिलेला. शिष्यवृत्तीचे फॉर्म, दाखल्यांचे अर्ज, नोकरीच्या जाहिराती, सगळं त्याच्यावरच चालतं. मागच्या पावसाळ्यात त्याचं 'ए' बटण एकदा दाबलं की दाबलेलंच राहू लागलं. एका मुलीचा पासवर्ड तीनदा चुकला, आणि फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. दुरुस्तीवाला म्हणाला, अख्खा कीबोर्ड बदला. आम्ही लॅपटॉप बंद करून वर्तमानपत्रावर उलटा धरला. कुरमुऱ्याचे तुकडे, केस, खोडरबराचा चुरा आणि झुरळांच्या लेंड्या पडल्या! बटणाच्या कडेने साखरेचा चिकटा होता. तो पुसला आणि बटण वर आलं. फॉर्म त्याच रात्री भरला गेला.

आता तुम्ही म्हणाल, आरोग्याच्या पानावर हे कशाला? पंधरा जणांची बोटं ज्यावर फिरतात ती वस्तू दाराच्या कडीसारखीच असते. डोळे आलेला मुलगा डोळा चोळतो, मग टाईप करतो; त्याच्यानंतर बसणारी तेच हात डोळ्याला लावते. शिवाय झुरळांची विष्ठा आणि त्यांच्या अंगाचा चुरा यांनी दमा बळावतो. म्हणून हे काम करताना दम्याचं मूल जवळ ठेवू नका, तोंडाला रुमाल बांधा, खिडकी उघडा.

आधी लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. लॅपटॉप तिरका धरून पाठीवर हलकेच थोपटा. तोंडाने फुंकू नका, थुंकी आत जाते. दुकानात हवा मारायचा रबरी फुगा मिळतो. नसेल तर बाळाचं नाक साफ करायचा नवा, कोरडा रबरी बल्ब चालतो. आम्ही तोच वापरला. मऊ कोरड्या ब्रशने रांगांमधून फिरवा, मग पुन्हा उलटा करा.

चिकट डागासाठी इंजेक्शनआधी कातडी पुसायचा अल्कोहोल स्वॅब घ्या. मेडिकलमध्ये पाकीट मिळतं, त्यात बहुधा सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. तो पिळून घ्या, थेंब गळता कामा नये. बटणाच्या कडेकडेने फिरवा, बटण दाबून-सोडून पाहा. फिनेल, ब्लीच, सॅव्हलॉन नको. हाताचं सॅनिटायझरही नको, त्यात बरेचदा ग्लिसरीन असतं, चिकटा उलट वाढतो. आणि हे काम मेणबत्ती, अगरबत्ती, गॅस यांच्याजवळ अजिबात नाही. अल्कोहोल पटकन पेटतं. स्क्रीनला स्वॅब लावू नका, तिला कोरडं मऊ कापड पुरे.

बटण उपटायची घाई मात्र करू नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बटणाखाली कात्रीसारख्या एकमेकांत अडकलेल्या दोन नाजूक प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्यांच्यामध्ये रबराची छोटी टोपी, आणि खाली विजेच्या रेषा छापलेले पातळ पापुद्रे. पट्टीचा हुक तुटला की बटण बसत नाही. स्पेस, एंटर, शिफ्ट या लांब बटणांखाली तारही असते, त्यांना हात लावू नका. अगदीच काढावं लागलं तर आधी मोबाईलवर फोटो काढा, एकच बटण काढा, आणि त्या मॉडेलचं बटण कुठल्या बाजूने निघतं हे ठाऊक असलेल्याला शेजारी बसवा. आमच्यातल्या एकीने उत्साहात स्पेसबार उपटला होता. तो आजही एका बाजूने डुलतो.

चहा सांडला तर? आधी बंद, चार्जर बाहेर, मग पुसणं. सुरू राहिला तर आतलं सर्किट जळू शकतं. उघडा लॅपटॉप उलटा ठेवून पाणी निथळू द्या. तांदळात पुरू नका, केस वाळवायच्या गरम मशीननेही वाळवू नका. दुधा-साखरेचा चहा वाळला तरी आत साखर राहते, म्हणून 'सुरू करून बघू' न म्हणता जाणकाराकडे न्या.

अभ्यासिकेत आता लॅपटॉपच्या टेबलावर खाणं-पिणं बंद आहे, त्यावरून भांडणंही झाली. हात धुवायला बादली आणि साबण दाराशीच ठेवलाय. रात्री लॅपटॉप मिटून जुन्या उशीच्या अभ्र्यात घालतो. दर रविवारी सफाईची पाळी नववीच्या मुलांची, आणि स्वॅबचं पाकीट मोठ्यांच्या ताब्यात.